नकाशात नसलेला बोगदा

कोलोरॅडोतल्या त्या दवाखान्यात मार्गित आपला नंबर यायची वाट बघत होती. मागच्या बाकावर खाणीतून निवृत्त झालेले ट्रेगिअर आणि बेनिटो बोलत होते.

“बेनिटो, स्कीइंगसाठी डोंगर तपासायला साहेब आला होता. म्हणे, इथला बर्फ आधी वितळतो, म्हणजे ऊन छान येतं. इथेच हॉटेल बांधू.”

“ऊन? तिथे दुपारपर्यंत सावली असते!”

“तेच तर. खाली आमचा बोगदा आहे. त्याची ऊब वर येते.”

“मग सांगायचंस ना त्याला.”

“सांगितलं. त्याने खाण कंपनीचा जुना नकाशा पसरला. म्हणे, आजोबा, इथे बोगदाच नाही.”

“वा! म्हणजे पाहुणे सूप पीतपीत हॉटेलसकट खाणीत उतरणार. पण नकाशात का नाही?”

“कंपनीची हद्द त्या जागेच्या अलीकडेच संपत होती. पुढचं आम्ही गुपचूप खणलं. चोरीचा नकाशा कोण काढतो?”

“ट्रेगिअर, हद्दीपलीकडे माझ्या बापाची जमीन होती.”

“हो.”

“चांदीचा कणसुद्धा नाही म्हणून त्याने ती कवडीमोलाने विकली.”

“चांदी होती. आम्ही नेली. हा बघ, आता मी नकाशा काढलाय. साहेब म्हणतो, जुन्या मालकाच्या वारसाची सही असेल तरच मानेन.”

मार्गितचं नाव पुकारलं गेलं. ती उठली नाही.

“पेन दे इकडे,” बेनिटो म्हणाला. “आणि वर ‘नकाशा’ लिहिलंयस ना, ते आधी खोड. ‘कबुली’ लिही.”