केतकीचा वनवैद्य

हसू नका, पण मागच्या रविवारी मी एका काल्पनिक वैद्यावर जळले. आमच्या घरी फासे टाकून राक्षसांशी लढायचा खेळ चालतो, माहितीये ना? त्यात प्रत्येक पात्राला एक क्लास असतो, म्हणजे पेशा. माझं पात्र लग्नाआधीपासून वैद्याचं. बाकीचे लढतात, मी मलमपट्टी करते. नवीन क्लास आला की आम्ही एक डाव खेळून बघतो, आणि एकाने जरी नाही म्हटलं तरी तो बाद.

या वेळी आमच्यासोबत खेळणाऱ्या माझ्या मैत्रिणीने, केतकीने, ‘वनवैद्य’ आणला. तो जखमा भरतो आणि तलवारही चालवतो! तिने राक्षस मारला, वर माझ्या वैद्यालाच बरं केलं. माझा नवरा निखिल एकदम खूश. "क्या बात है, केतकीजी! आता टेन्शनच नाही."

"निखिल भिया, जुनी वैद्य अजून जिवंत आहे," मी म्हटलं. चिडले की मी नवऱ्यालाही ‘भिया’ म्हणते.

तेवढ्यात आमचं बाळ रडायला लागलं. मी थोपटलं, फिरवलं, गाणंही म्हटलं. ते आणखीच जोरात. केतकीने पोह्यांची प्लेट खाली ठेवली, त्याला खांद्यावर घेतलं, आणि साहेब गाढ झोपले. मला वाटलं, आईचाही क्लास हिलाच देऊन टाकावा.

"मग, वनवैद्य ठेवायचा ना?" निखिलने विचारलं. सगळे हो म्हणाले.

"बाद," मी म्हटलं.

"अरे, पण का?"

"एकाच बाईला सगळंच जमतं, हे मला खेळातही पटत नाही!"

केतकी कुजबुजली, "हळू बोल ना यार, उठेल तो."