कुरुळीच्या उन्हात उलटा पंखा

हॅलो?… हो, मीच. विजयश्री. तुमची बायको. गाडीतल्या कंप्युटरनं फोन उचलला नाही, म्हणून मी उचलला.

काय?… कसा असणार? ड्रायव्हरचा डोळा लागला की बोंबलणारं तुमचं यंत्र स्वतःच झोपलंय… हो, परत. मोशी सोडल्यापासून तिसऱ्यांदा.

अहो, कुरुळीत. सर्व्हिस रोडला, पंक्चरच्या दुकानापुढं… सावली? आहे ना, विजेच्या खांबाची. चार बोटं. त्यात मी उभी आहे. आई गाडीत आहेत.

एसी फुल्ल आहे हो! तुम्ही सांगितलंत तसा सगळा वारा सीटखालच्या तुमच्या लाडक्याकडं वळवलाय. आई घामानं निथळतायत, आणि तरी वर्तमानपत्रानं त्यालाच वारा घालतायत. लग्नाला नऊ वर्षं झाली, त्या हातातून मला कधी एक झुळूक आली नाही… हो आई, तुमच्याबद्दलच चाललंय. चालू द्या तुमचं.

ऐका… अहो ऐका ना! स्क्रीनवर तापमानाचा आकडा होता ब्याण्णव. मग सगळं काळं… माझ्यावर ओरडू नका, मी नाही तापवलं त्याला.

बर्फ?… बर्फाची पिशवी ठेवू त्याच्यावर? वा! बर्फाला पाणी सुटणार, पाणी आत जाणार, मग काय, कायमचं गार. कॅंटीनमध्ये जेवता जेवता फार सुचतं हो तुम्हाला.

साहेबराव शेठ? नाही आले अजून. येतील पाच-दहा मिनिटांत… चारला येतो म्हणणारा माणूस दीडला येतो म्हणतो, तुमचा सुपरवायझर गेटपास देत नाही, आणि चौदा बसवाल्या माणसाला यंत्र दाखवायचं कुणी? तर ब्लाउज शिवणाऱ्या बाईनं.

नाही, मेकॅनिक नको. मी झाकण उघडलंय… उघडलं म्हणजे उघडलं. शिलाई मशीनचा स्क्रूड्रायव्हर पर्समध्येच असतो माझ्या… हो हो, वायर काढूनच. तेवढी अक्कल आहे.

अगं बाई… हे काय गुंडाळलंय?… फोम? चारही बाजूंनी?… धक्के लागू नयेत म्हणून! म्हणजे भर मे महिन्यात स्वेटर घातलात याला. कानटोपी राहिली वाटतं.

कापतेय… कात्रीनं, आणखी कशानं?… हळहळू नका, तळाला एक पट्टी ठेवते धक्क्यांपुरती… आई, टॉर्च धरा जरा. याच्यावर. माझ्या तोंडावर नको.

आता पंखे. दोन आहेत… चालू होते की दोन्ही, गिरणीसारखे ऐकू येत होते. पण वारा जात कुठं होता?… थांबा, मिनिटभर वायर लावून बघते. दोरा धरते पंख्यापुढं… दोरा हो, शिवायचा दोरा. हवा जिकडं जाते तिकडं तो वळतो.

डावीकडचा… आत ओढतोय… उजवीकडचा… हा पण आत!

अहो, दोन्ही आत!… नाही, नीट बघितलं. दोन्ही पंखे हवा आत कोंबतायत, मग आतली गरम हवा बाहेर कोण काढणार? मी?… ‘असं कसं होईल’ म्हणजे? झालंय. घाईत उलटा बसवलात एक. चूल पेटवलीत आणि धुराडं बुजवलंत.

चारच स्क्रू आहेत. वायर परत काढलीय. फिरवते… बोलू नका मध्ये, स्क्रू पडेल… एक… दोन… अहो, श्वास तरी घ्या, मला इथं कळतंय तुम्ही श्वास रोखलाय ते… झालं.

लावते आता. दोरा… हां. एकीकडून आत, दुसरीकडून बाहेर. बाहेर येणाऱ्या हवेला हात लावून बघा म्हणजे कळेल, भट्टी नुसती.

लागला स्क्रीन… चौसष्ट… सदुसष्ट… सत्तर… थांबा… सत्तर… सत्तरच आहे हो!… नाचू नका, ताट सांडाल.

पांढरी जीप थांबली. तेच दिसतायत. फोन ठेवू नका, पण तोंड उघडायचं नाही. कळलं?

या शेठ, नमस्कार… मी सुजितची बायको. ते पहिल्या शिफ्टला आहेत, फोनवर ऐकतायत… बसा ना ड्रायव्हरच्या सीटवर. गॉगल तेवढा काढा, डोळे दिसले पाहिजेत त्याला… आता मिटा… असे किलकिले नाही, झोप आल्यासारखे…

बघा, ओरडलं! दचकलात?… दचकण्यासाठीच आहे ते, शेठ.

बंद पडतं का?… हो, पडतं. आज तीनदा पडलं… ते फोनमधून खोकतायत, तिकडं लक्ष देऊ नका… पंखा उलटा बसला होता, आत्ता सुलटा केला… नाही शेठ, फार तापलं तर बंद पडायलाच पाहिजे ते. नाहीतर जळून जाईल. यंत्राला तेवढी सोय आहे. तुमच्या रविराजला नव्हती.

रविराज हो, तुमचा ड्रायव्हर. फेब्रुवारीत त्याची बस डिव्हायडरवर चढली ना… हो, डोळा लागला त्याचा. लागणारच, सलग दुसरी ड्युटी होती… तो नाही म्हणाला नाही, खरंय. नाही म्हणायची सोय होती का त्याला?… आमचे हे कामावरून येताना त्याच्या मागच्याच सीटवर होते. हनुवटीला सात टाके पडले. तरी म्हणतात, त्यानं शेवटच्या क्षणी ब्रेक दाबला म्हणून सगळे घरी आलो. आणि आता तो बस धुतो तुमच्या… मी काय म्हणते शेठ, हे यंत्र ओरडेल. जरूर ओरडेल. पण ओरडल्यावर ऐकणारं कुणी पाहिजे ना?

…

हॅलो… आहे मी… उतरले ते. गॉगल चढवला आणि जीपकडं निघाले… हो, बोलले मी. तुम्ही तीन महिने राबलात, ती मेहनत मी दोन मिनिटांत घालवली. माहितीये… मग काय करू? ‘वा शेठ, तुमचे ड्रायव्हर फार आळशी, घ्या यंत्र’ असं म्हणू?… नाही जमलं… ओरडा. कॅंटीनला तेवढीच करमणूक.

गेले नाहीत अजून. जीपला टेकून उभे आहेत, उन्हात. फोन लावतायत… मला काय माहीत कुणाला!… गप्प बसा, ऐकू दे.

‘सोमवारपासून गाडीवर ये’… ‘एकच ड्युटी’… थांबा हो!… ‘तो पाइप ठेव खाली आणि आधी नीट ऐक.’

हो… रविराजच. पाइप म्हणाले ना. बस धूत असेल.

हॅलो?… अहो?… सुजित?

रडताय?… रडा. कुणी विचारलं तर सांगा, भाजी तिखट होती… मी? मी नाही रडत. धूळ आहे इथं.

शेठ परत येतायत… भोंगा झाला ना तुमचा? जा कामावर… काय शेठ? पहिलं यंत्र रविराजच्या बसमध्ये? बसवू की!… ऐकलंत ना हो? पण बसमध्ये इंजिन ड्रायव्हरच्या बाजूलाच असतं, तिथं किती तापतं कुणाला ठाऊक. मी आत्ताच त्यांच्या डेपोत जाऊन हात लावून बघते… हो, मीच. दोरा आहे माझ्याकडं… आई, चप्पल घाला, निघायचंय… ठेवते.