चिमटेवाल्यांची शेवटची फेरी

— नाही हो, चिमटा खाली ठेवा, आज त्याचं काम नाही. बसा ना. ती बटाट्यांची पिशवी सरकवा खुर्चीवरून — हो, तीच, टेस्टिंगची, कोंब फुटलेत बिचाऱ्यांना, पण वजन अजून बरोबर भरतं. तर ऐका. हा वजनकाटा आज हँग झालेला नाही. हँग व्हायला आधी जागं तरी व्हावं लागतं! सकाळपासून ही टच स्क्रीन जागीच झालेली नाही. बोट लावून बघा — लावलंत? काही हललं? नाही ना? काटा वजन दाखवतोय, पण स्क्रीन बोटाला दाद म्हणून देत नाही.

काय केलंस म्हणून काय विचारता, तुमचाच त्रास वाचवायला गेले! आतापर्यंत काय व्हायचं? टचची चिप मध्येच रुसून बसायची, तिला चालवणारा माझा कोड, तो ड्रायव्हर, हाका मारमारून थकायचा, मग मी वर फोन करायचे, तुम्ही जिना उतरून यायचात, बोर्डावरच्या त्या दोन ठिपक्यांवर चिमटा टेकवायचात, की बाईसाहेब ताळ्यावर! चिपला असं नव्याने उठवणारी रिसेटची लाइन तुम्ही बोर्डावर प्रोसेसरपर्यंत आणून ठेवलेली, फक्त माझ्या ड्रायव्हरला तिचा पत्ताच नव्हता. आता दुकानात कोण येणार चिमटा घेऊन? गिऱ्हाईक पिशवी पसरून उभं, आणि दुकानदार म्हणणार, थांबा हं, चिमटेवाले येतायत? — चिमटेवाले म्हणजे — अहो, इथे सगळे तसंच म्हणतात तुम्हाला. सगळे म्हणजे मी. आणि घरी आई. ती रोज विचारते, काय गं, आले होते का चिमटेवाले? — म्हणजे मी यंत्राबद्दल सांगते तिला. यंत्राचं सांगताना येतं ओघात.

ते जाऊ दे. तर मी ड्रायव्हरला शिकवलं — सुरू होताना रिसेटची लाइन मागायची, चिपला क्षणभर दाबून धरायचं, सोडायचं, तिने डोळे उघडेपर्यंत दम धरायचा आणि मगच बोलायला लागायचं. मध्येच रुसली तर पुन्हा तेच. आणि जुन्या काट्यांवर ती लाइन जोडलेलीच नाही, तिथे काय? तिथे मागून बघायची, नाही मिळाली तर कुरकुर न करता आपलं काम पुढे चालू! असा गुणी ड्रायव्हर लिहिलाय मी. माणसांना जमतं का हो? मला तर आधी मागायचंच जमत नाही, कुरकुर तर लांबच — हसताय काय? मी ड्रायव्हरबद्दल बोलतेय.

हा कोड आज संध्याकाळपर्यंत पाठवायचाय, साहेब माझा घास तोंडात असताना विचारून गेले. आणि एकदा तो गेला की संपलं. काटा आपला आपण सावरणार, तुम्हाला खाली यायचं कारणच उरत नाही. गुडघे वाचतील तुमचे. चांगलंच आहे की! मी कुठे म्हणतेय वाईट आहे? तुम्हाला काय कामं कमी आहेत, की इथे येऊन बसायचं, माझा अर्धा चहा तुम्ही संपवायचा, आणि माझ्या कोडमधल्या चुका काढून मिश्किल चेहरा करायचा — काय सांगत होते मी?

हां, स्क्रीन. तुमच्या या लाइनचा स्वभावच उलटा — वीज काढली की चिप दाबलेली, वीज दिली की मोकळी. तुम्हीच तसं आखलंय, मला नका सांगू. बोर्डाचं वर्णन लिहिलेल्या फाईलमध्ये ते नोंदलेलं आहे, आणि ते वाचून कर्नल, काट्याची मूळ प्रणाली हो, माझा हुकूम आपणहून उलटवून घेतो. आणि मग माझा कोड — इकडे या, ही बघा — कुठे बोट ठेवताय? हो. तीच ओळ. कर्नलने उलटवलं, वर मीही उलटवलं. त्यामुळे दाबायच्या वेळी मोकळी, सोडायच्या वेळी दाबलेली. बिचारी चिप सकाळपासून तशीच दाबलेली पडून आहे.

लगेच सापडलं हो तुम्हाला! — काय? असली चूक माझ्या हातून होत नाही? का नाही होणार, मी काय आभाळातून पडलेय? झाली होती, खरंच झाली होती, मुद्दाम नाही केली, शप्पथ! सकाळी झाली. आणि सापडलीही सकाळीच. — मग फोन कशाला केला? बघा, कसे प्रश्न विचारता तुम्ही! ओळ सुधारली असती तर तुम्ही आला नसतात, म्हणून — म्हणजे तपासायला! बोर्ड आखणाऱ्याने एकदा नजर टाकलेली बरी असते, साहेबच म्हणतात. म्हणत नसतील, पण म्हणायला हवं त्यांनी.

सरका बाजूला. ही ओळ सुलटी केली. आता काटा चालू करते — दम धरा जरा, ड्रायव्हर धरतो तेवढा तरी. हं. लावा बोट. लावा ना! — अगं बाई, जागी झाली! बघा कशी पळतेय बोटामागे.

पाठवते. तुमच्यासमोरच पाठवते, नाहीतर उद्या मला आणखी एखादी चूक सापडायची. हे गेलं. सुटलात तुम्ही, उठा आता, वर लोक वाट बघत असतील. जिना सांभाळून — अहो! चिमटा राहिला तुमचा! तो काय, बटाट्यांजवळ.

काय? राहू दे? अहो, पण आता त्याचं इथे काम काय?

उद्या येऊन न्याल.

बरं. आणि उद्याही विसरलात तर? — हो? परवाही विसरणार? — जा हो तुम्ही! जा म्हणते ना!