आक्काच्या पुस्तकाचे दोन तुकडे

हॅलो? …हॅलो, कोण, चिमणी? बरं झालं गं फोन केलास. मी तुलाच लावत होते… हो, हो, आजच. पाच वाजता वाचनालयात. तिथं भाषण मलाच करायचंय.

…अगं, ते ग्रंथपाल विचारत होते, ओळख करून द्यायचीय, तुम्ही वाचायला कोणत्या साली शिकलात? साल काय मेलं लक्षात राहतंय! म्हटलं, माझ्या धाकट्या बहिणीला जुळी झाली, ते वर्ष धरा. बाळंतपणात तुझ्या उशाशी औषधाच्या बाटल्या होत्या ना, त्यांच्यावरच आक्कानं मला अक्षरं शिकवली. नर्स ती, तिला दुसरं काय सुचणार? मी वाचलेली पहिली ओळ कोणती, तर ‘वापरण्यापूर्वी हलवा’. …हस, हस! अजून पुस्तक हातात आलं की आधी हलवते मी.

…नाही गं, तयारी कसली! म्हणून तर तुला लावत होते. विषय आक्कानंच ठरवलेला. ‘या कादंबरीतल्या लिहिण्याच्या युक्त्या’. ती असती तर टेबलावर हात आपटून बोलली असती. आता तिच्या जागी मी. आणि माझ्याकडे तिचं ते कादंबरीचं पुस्तक अर्धं!… तूच कापलंस! ‘दोघींनाही हवंय ना, मग घे,’ म्हणालीस आणि पावाच्या सुरीनं मधोमध… हो, मीच धरलं होतं, कबूल. पण मला मागचा तुकडा दिलास. एखाद्याच्या घरात मागच्या दारानं शिरावं तसं झालंय.

अगं ऐक ना… ऐक तर! माझ्या तुकड्यात ती कुलपं दुरुस्त करणारी बाई आधीच हुशार झालेली आहे. कानामागे ते अक्कल वाढवणारं, चिंचोक्याएवढं यंत्र बसवलेलं. दहा भाषा येतात, डॉक्टरांच्या चुका काढते. पण बोलते कशी, तर वजनकाट्याची चिठ्ठी वाचल्यागत! पाव जळला तर किती अंशाला जळला ते सांगते. आई आजारी पडते, तर आईच्या रक्तात काय किती, एवढंच. मला तर राग आला बाईचा… काय? तुझ्या तुकड्यात नाही?

…थांब, चष्मा लावते. हं, वाच.

…‘गंजक्या कडीसारखा नवरा’! अगं बाई… ‘ओल्या सरपणासारखी सासू, जळेना पण धूर भारी.’ अगं, ही तर आपल्यातलीच! …पानापानावर असंच? उठता बसता ‘सारखं’? मग माझ्याकडं एकही कसं नाही? …नाही गं, चांगलं बोट ठेवून वाचलंय. एकही नाही.

…थांब, थांब. यंत्र कधी बसवतात? तुझ्या तुकड्याच्या शेवटी शेवटी? आणि त्यानंतर ‘सारखं’ कमी होत जातं? …चिमणे, मग हीच ती युक्ती गं! अक्कल वाढत गेली आणि तुलना आटत गेल्या. लेखकानं कुठंही सांगितलं नाही, नुसतं काढून घेतलं… हो ना! आणि आपण नेमकं तिथंच सुरी चालवली.

बरं, आता खरं सांग, रागावणार नाही. शेवटचं पान तू कापलंस का? …मग शेवट असा कसा? ‘मी आईचा हात हातात घेतला. तो…’ बस्स. पुढे कोरं. मला वाटलं, सुरीनं गेलं… काय म्हणालीस? पहिल्याच पानावर? आईचा हात? वाच, सावकाश वाच.

‘…किल्ल्यांच्या जुडग्यासारखा. हाडं हाडं, पण घरातलं सगळं उघडणारा.’

…

हॅलो? आहे, आहे. काही नाही, चष्मा पुसत होते.

त्या बाईला आता ते ‘सारखं’ आठवत नाही गं. एवढी हुशार झाली आणि तेवढंच हाताशी नाही. म्हणून पुढे कोरं.

…हो, हेच सांगेन. तुझा तुकडा घेऊन ये, तिथंच जोडून दाखवू… सुरुवात? ‘आक्का दिव्यासारखी होती’? नको बाई. ऐकलं असतं तर आक्का म्हणाली असती, मग बिल कोण भरणार!

चिमणे, एक विचारू? शेवटी तू होतीस तिच्यापाशी. मी पोचले नाही. तिचा हात… कसा होता गं?

…

…हॅलो?

…बरं, बरं. नको सांगूस. रडू नकोस, राहू दे ती जागा तशीच. मी आपली साधी सुरुवात करते. ऐक, एवढं बरोबर आहे का सांग, मग ठेवते. ‘नमस्कार. आज इथं आमची थोरली बहीण बोलणार होती. ती गेल्या महिन्यात, सोमवारी सकाळी वारली.’