मधले दोन दिवस

(परभणी, १९७९. दवाखान्यातली खोली. टेबलापलीकडे डॉक्टरीणबाई, समोर सरजाबाई आणि तिचा नवरा सूर्यभान.)

सरजाबाई : तसं नका लिवू, बाई. ‘कमी दिवसाचं बाळ, म्हणून गेलं’ एवढंच लिवलं तर आमच्या गावचा जमीनदार भगवानराव सुटतो.

डॉक्टरीण : सातव्या महिन्यात झालं होतं, सरजा. खोटं कसं लिहू?

सरजाबाई : खोटं नगंच. मला ताप भरला, पानमोट फुटून पाणी गेलं, त्याच दिशी निघाले हुते मी. दिरानं गाडी जुपली. भगवानरावानं वेशीतच अडवली. म्हणला, इद्यापीठाचं नाव बदलायला मोर्च्यात गेलतात ना, आता तितंच जाऊन बाळंत व्हा.

सूर्यभान : दोन दिस माणसं बसवली वाटंवर. तिसऱ्या दिशी हिला रानारानानं पिंगळीच्या टेसनापस्तोर चालवत आणलं.

डॉक्टरीण : तोवर आतलं पाणी नासलं होतं. जंतू बाळाच्या छातीत उतरले.

सरजाबाई : पर जलमला तवा मोठ्यानं रडला की. चांगला दम घ्यायलता.

डॉक्टरीण : होतं तसं कधीकधी. पोटातच जंतू लागले की फुप्फुसं घाईनं तयार होतात, पण सुजलेली राहतात. काही दिवस तग धरतात, मग थकतात.

सरजाबाई : नवव्या दिशी वठ निळे पडले. दर दमाला बरगड्या आत जायल्या हुत्या. माज्या मांडीवरच गेला.

सूर्यभान : कागद कशाला पायजे? भगवानरावाची कडब्याची गंजी उभी हाय. एक काडी बास.

सरजाबाई : मंग तुमी जेलात आन तो वसरीवर. गंजी काय, पुढल्या साली दुसरी रचंल. गप बसा.

डॉक्टरीण : हे बघ, दोन दिवस आधी आली असतीस तर तो जगलाच असता, असं मी शपथेवर सांगू शकणार नाही.

सरजाबाई : नका सांगू. पाणी कवा गेलं, मी हितं कवा आले, लेकराच्या छातीत काय झालतं, तेवढं लिवा. मधले दोन दिस कुटं गेले, ते त्याला कोर्टात सांगू द्या.

डॉक्टरीण : मलाही साक्षीला बोलावतील.

सरजाबाई : याल?

डॉक्टरीण : येईन. पण तो मोठा वकील देईल. शिक्षा होईलच, असं धरून चालू नकोस.

सरजाबाई : न्हाई झाली तर न्हाई. दर तारखेला माज्यासमोर उभं तर ऱ्हावं लागंल. माजं लेकरू कसं गेलं, ते समद्यांदेखत ऐकावं लागंल.

डॉक्टरीण : असे खटले वर्षानुवर्षं चालतात, सरजा.

सरजाबाई : चालू द्या, बाई. मी बावीस वर्सांची हाय.