सोवळ्यातला वायफाय आणि आगाशांचं बारसं

बसा, मंडळी, पुढे सरकून बसा. मागच्या खांबाजवळ जी गर्दी झालीय ना, ती भक्तीची नव्हे. तिथे पुजाऱ्यांच्या खोलीतलं नेटवर्क येतं, हे मला ठाऊक आहे! या, या, पुढे या. पेटीवाले, जरा हलकेच ठेवा सूर.

आज एकच प्रश्न विचारतो. जी वस्तू दुसऱ्याला दिली तरी आपल्याजवळची कमी होत नाही, ती माणूस दाबून का ठेवतो? दिव्याचा उजेड बघा. शेजाऱ्याच्या अंगणात पडला म्हणून आपल्या घरात अंधार होतो का? नाही ना? मग माणूस खिडकी का लावून घेतो?

काय म्हणालात, जोशीबुवा? वायफाय कमी होतो? अहो, तुमच्या घरचे पाचही जण एकदम पिक्चर लावून बसले तर होणारच! मी शहाण्या माणसांबद्दल बोलतोय. ऐका आता.

इथून दोन डोंगर पलीकडे एक गाव आहे. नाव सांगत नाही, त्यांचे व्याही इथे बसलेले असायचे! त्या गावात त्र्यंबकपंत आगाशे. कचेरीतून निवृत्त झालेले. माणूस सज्जन हो, खोटं कशाला बोलू! पण स्वभाव असा, की प्रत्येक गोष्ट आपल्या हाताखाली हवी. साखरेचा डबा कुठे आहे, हे घरात फक्त त्यांना ठाऊक. मुलगा हृषीकेश मोठ्या बोटीवर नोकरीला. बोट बंदराला लागली की फोन करणार, बोट सुटली की महिनोन्‌महिने गप्प. गाव डोंगराच्या कुशीत, मोबाईलला रेंज म्हणून नाही. तेव्हा मुलगाच म्हणाला, बाबा, घरात वायफाय घ्या.

घेतला! डबा आला. डब्यावर छापलेलं होतं– घराच्या मध्यभागी ठेवा, उंच ठेवा, धातूपासून आणि पाण्यापासून लांब ठेवा. पंतांची मुलगी वैजयंती, शिकलेली पोर, तिनं मोठ्यानं वाचून दाखवलं. म्हणाली, "बाबा, माजघरात दारावरच्या फळीवर ठेवू या. सगळ्या घराला पोचेल."

पंत म्हणाले, "माजघरात? येणारा-जाणारा हात लावील! बटणं दाबील! पासवर्ड वाचील! छे, छे!"

आणि कुठे ठेवला असेल, सांगा? सांगा, सांगा! –देवघरात!

हसू नका. पंतांचा हिशेब पक्का होता. आगाशांच्या देवघरात आंघोळ करून, सोवळं नेसून, फक्त पंतांनी जायचं. दुसऱ्या कुणी पाऊल टाकायचं नाही. मग डब्याला हात लावणार कोण? कुलपाची सुद्धा गरज नाही! झालं, डबा सोवळ्यात गेला. दसऱ्याला त्याच्यावर हळदकुंकू, झेंडूचं फूल. पंत रोज देवांबरोबर त्यालाही गंध लावायचे. दिवा लुकलुकायचा, पंत हात जोडायचे.

आता घर कसलं? जांभ्या दगडाचं, भिंती हातभर जाड. देवघर एका टोकाला, कोपऱ्यात. डब्याच्या एका बाजूला तांब्याची कळशी पाण्यानं भरलेली, दुसऱ्या बाजूला पितळेची प्रभावळ. त्या बिचाऱ्यानं बाहेर यायचं तरी कुठून? देवघराच्या उंबऱ्यापर्यंत कसाबसा यायचा. सून मुक्ता पोटुशी होती. नवऱ्याचा फोन आला की तशीच उंबऱ्याबाहेर भिंतीला टेकून उभी राहायची. नवरा-बायकोनं काय बोलायचं? आत सगळे देव ऐकतायत, आणि मागे सासरे घसा खाकरतायत!

शेजारी साळव्यांचं घर. शेवंतीकाकू एकटीच. तिचा डबा पडवीत, खुंटीला टांगलेला. पासवर्ड? –नाहीच! संध्याकाळी अर्धी वाडी तिच्या ओट्यावर. कुणी लेकीशी बोलतंय, कुणी भजन ऐकतंय. पंत म्हणायचे, "धर्मशाळा केलीय नुसती!"

मुक्ता बाळंत झाली. मुलगी झाली! हृषीकेशनं फोनवर सांगितलं, "बाबा, नाव तुम्ही ठरवा. बारशाला बोट बंदरात आहे. मी फोनवर बघेन. तुमच्या तोंडून नाव ऐकायचंय मला."

मंडळी, केवढा मान! पंतांनी नाव ठरवलं. बायकोनं विचारलं, सांगितलं नाही. वैजयंती म्हणाली, "बाबा, कानात सांगायचं मला आहे, आत्या मी आहे! मला तरी सांगा." पंत म्हणाले, "वेळेवर कळेल." नावालासुद्धा पासवर्ड, मंडळी!

बारशाचा दिवस उजाडला. माजघरात पाळणा, फुलं, घुगऱ्या, बायकांची ही गर्दी! पंतांनी पहाटेच पूजा उरकलेली. आणि सणाचा दिवस म्हणून तांब्या-पितळेची, चांदीची, घरात होती नव्हती ती सगळी भांडी डब्यासमोर मांडलेली. मग सोवळं सोडून सदरा घालून पाहुण्यांत फिरत होते. सगळ्यांना शिवून झालं, चहा झाला.

इतक्यात उंबऱ्याशी ठेवलेला फोन वाजला! हृषीकेश! वैजयंतीनं उचलला. पडद्यावर तोंड दिसलं, आणि तसंच उघडं राहिलं! गोठलं! "वैजू, बा–" एवढंच. पुढे काही नाही. वैजयंती उंबऱ्याला आणखी चिकटली. रोज उंबऱ्यापर्यंत तरी धड यायचं, आज तेवढंही नाही. कसं येणार? समोर पितळेचा बाजार मांडलाय!

"बाबा, तो डबा बाहेर आणा! वायर लांब आहे, माजघरापर्यंत येईल. त्याची बोट सुटायचीय!"

सुनेनं पदर सावरला आणि स्वतःच पाऊल उचललं. पंत ओरडले, "खबरदार! कुणी आत जायचं नाही!"

"मग तुम्ही जा ना, मामंजी!"

पंत निघाले. उंबऱ्याशी आले– आणि थांबले. का? अहो, त्यांना सगळे शिवलेले! आंघोळ केल्याशिवाय त्यांनाही आत जाता येईना! नियम कुणी केला? पंतांनी. अडकलं कोण? –पंत!

बायको म्हणाली, "अहो, मुलगा तिकडे ताटकळलाय. देव काही म्हणायचा नाही. जा तसेच."

पंत म्हणाले, "आलोच. दोन तांबे घेतो अंगावर."

दोन तांबे? सोवळ्यातली आंघोळ ती! बंबातलं पाणी संपलेलं, ते तापवा. मग साग्रसंगीत स्नान. मग सोवळं वलणीवर, ते काठीनं काढा. काठी सापडेना! इकडे फोन लागतोय, तुटतोय, लागतोय. मुक्ताच्या डोळ्यांत पाणी. नवऱ्यानं अजून लेकीचं तोंड नीट बघितलेलं नाही हो!

तेव्हा दोन घरांमधल्या दगडी गडग्यापलीकडून शेवंतीकाकूची हाक आली, "अगो वैजू, तितं काय करताव? पोरीला आना माज्या वट्यावर! हितं चांगलं गावतंय!"

बायकांनी एकमेकींकडे पाहिलं. आणि मंडळी, अख्खं बारसं उठलं! पाळणा राहिला, बाळ उचललं, घुगऱ्यांचं पातेलंसुद्धा उचललं, आणि निघाल्या सगळ्या साळव्यांच्या ओट्यावर! फोन लागला. स्वच्छ! हृषीकेशनं लेक पाहिली.  मग डोळे पुसून म्हणाला, "बाबा कुठायत?"

वैजयंती काय सांगणार? "आंघोळीला गेलेत."

"आत्ता?"

"आत्ता."

तो हसला नाही. म्हणाला, "मला वर बोलावतायत ग. निघतोय आम्ही. नाव काय ठरवलंय बाबांनी?"

कुणाला ठाऊक? सगळ्या बायकांनी शेवंतीकाकूकडे पाहिलं, ती म्हणाली, "मी कोन बाय नाव ठेवनारी?" तेव्हा मुक्ता बोलली. ज्या माउलीला अख्ख्या घरात कुणी विचारलंच नव्हतं, ती हळूच म्हणाली, "ही जन्मल्यापासून मी हिला रेवा म्हणते. एकटी असताना."

"रेवा!" हृषीकेश म्हणाला. "मग रेवाच! वैजू, सांग तिच्या कानात, मला बघू दे!" आत्या वाकली, कानात कुर्र केलं, बायकांनी आत्याच्या पाठीत धपाटे घातले. आणि फोन बंद झाला. बोट सुटली.

इकडे पंत सोवळं नेसून देवघरात गेले. भांडी बाजूला केली. डबा उचलून माजघरात आणला. सगळे दिवे हिरवेगार! घरभर नेटवर्क! आणि घरात? –एक माणूस नाही. रिकामा पाळणा.

शेजारच्या ओट्यावरून बायकांचा गलका ऐकू आला, पंत तसेच धावले. ओलेते, अनवाणी. गडग्याशी क्षणभर थांबले. समोर सगळी गर्दी, शिवणार! मग गडगा ओलांडला, मंडळी. ओलांडला! ओट्यावर आले.  सुनेनं उठून नात त्यांच्या ओल्या हातांत दिली. फोन विझलेला. पंतांनी नातीकडे पाहिलं, आणि ज्या माणसानं नाव द्यायचं, त्यानं विचारलं–

"काय नाव ठेवलं हिचं?"

रडले हो. सगळ्यांसमोर रडले. बायकोनं नंतर विचारलं, तुमच्या मनात कुठलं होतं? म्हणाले, "आता कशाला? रेवा छान आहे." आजतागायत कुणाला ठाऊक नाही. मलाही नाही! डबा आता माजघरात आहे, फळीवर, उंच. सगळ्या घराला पोचतो. ते जमलं. नाव सांगायचं राहिलं.

तुम्ही हसलात, आगाशांना. हसा. पण मला सांगा, सून चांगली आहे, हे मनात आहे ना तुमच्या? सांगितलंत तिला? मुलानं फार केलं आपलं, हे मनात आहे? बोललात कधी? भावाशी भांडण मनातून कधीच मिटलंय, त्याला कळवलंत? का अजून आंघोळ व्हायचीय?

या गजाननापुढे दक्षिणा नाही टाकलीत तरी चालेल. आरती झाली की सरळ घरी जा. चपला काढायच्या आधी, हातपाय धुवायच्या आधी, ज्याला सांगायचं त्याला सांगून टाका. पलीकडचं माणूस वाट बघतंय, आणि त्याला वर बोलावलं की ते जाणार आहे.

उठा, आरती घ्या.