वाकड्या कानाचा ससा

निर्माती : ...आणि हसायचं नाही. तेवढं एक सांभाळा, बाकी सगळं आम्ही बघतो.

ताई : अजिबात नाही?

निर्माती : सावली हसली की खांदे हलतात, मॅडम. पडद्यावर लगेच दिसतं.

आत्या : आणि रडली की खांदे हलत नाहीत होय?

निर्माती : रडताना हलले तर चालतील. म्हणजे... मला तसं म्हणायचं नव्हतं.

आत्या : म्हणून झालं की आता.

ताई : आत्या, छळू नकोस गं त्यांना. आल्याबरोबर चहा दिलाय त्यांनी.

आत्या : चहा कसला, गरम पाण्याला रंग दिलाय. ते असो. मला एकदा नीट सांगा, चर्चेचा विषय काय ठेवलाय?

निर्माती : 'खरी पीडिता हसते का?' शेवटी प्रश्नचिन्ह आहे हं. आम्ही आमचं मत देत नाही, फक्त प्रश्न विचारतो.

आत्या : सगळं त्या मेल्या आइसक्रीमवरून. चूक माझीच. कोर्टात समोरच्या बाजूच्या वकिलाने दिवसभर हिला सोलून काढलं, बाहेर आली तेव्हा पोरगी पांढरीफटक. म्हटलं चल, काहीतरी गार खा. हिने ते नाकाला लावून घेतलं. मी म्हटलं, विदूषक दिसतेस. ही हसली. कुणीतरी मोबाइल घेऊन टपलेलाच होता.

निर्माती : फोटो खूप फिरला. घराघरात दोन तट पडलेत.

ताई : हो, एक तट म्हणतो की झालं असतं तर ही अशी हसली नसती. दुसरा म्हणतो, हसू दे बिचारीला, वेड लागलं असेल. मला अजून ठरवता आलेलं नाही की यातला माझ्या बाजूचा कोणता.

निर्माती : तेच तुम्ही बोला. शांतपणे. हात मांडीवर, मान थोडी खाली. चेहरा दिसणार नाही, आवाज आम्ही जाडा करतो. कुणालाही ओळखू येणार नाही.

ताई : मी चेहरा दाखवायला तयार आहे, हे मी फोनवरच सांगितलं होतं.

निर्माती : वरचे लोक नको म्हणाले. तुमच्याच भल्यासाठी आहे, मॅडम.

आत्या : अहो, हिच्या गल्लीतल्या दूधवाल्यापासून ते कोपऱ्यावरच्या शिंप्यापर्यंत सगळ्यांना माहितीये ही कोण ते. एक तुमच्या टीव्हीलाच तेवढं माहीत नाही. आणि ज्याने हे केलं तो जामिनावर सुटून आपल्या दुकानात उघड्या तोंडाने बसतो. आल्यागेल्याला या-बसा करतो. त्याच्यापुढे लावा की एखादा पडदा.

निर्माती : त्यांना आम्ही बोलावलं होतं. ते म्हणाले, बदनामी होईल.

आत्या : ऐकलंस का गं? त्याची बदनामी होईल.

ताई : ऐकलं. मी हसत नाहीये बघ. निर्मातीताई, एक विचारू? दिवा माझ्या पाठीमागे आहे, तो आणखी लांब नेता येईल का? आणि खुर्ची पडद्याच्या अगदी जवळ घेऊ या. म्हणजे सावलीच्या कडा नीट येतील.

निर्माती : अरे वा, तुम्हाला यातलं बरंच कळतं की.

ताई : थोडंफार. आणि कार्यक्रम संध्याकाळी लागणार ना, जेवायच्या वेळेला?

निर्माती : हो, थेट प्रक्षेपण. त्या वेळी घरातली सगळी मोठी माणसं टीव्हीसमोर असतात. थांबा, दिव्याचं सांगून येते.

आत्या : गेली. आता मला सांग. लहानपणी साखरेच्या डब्यात हात घालायच्या आधी तुझं तोंड असंच व्हायचं. काय शिजतंय?

ताई : काही नाही. मोठी माणसं टीव्हीसमोर बसली की त्यांच्या मांडीवर कोण बसून जेवतं?

आत्या : पोरंटोरं.

ताई : माझी बालवाडी. आत्या, त्यांना काय काय सांगून ठेवलंय माहितीये? एकाला सांगितलं, ताई परगावी गेली. एकीला सांगितलं, ताई आजारी आहे, तिच्याजवळ जायचं नाही. आणि चावरी आहे ना माझी, तिला कुणी काहीच सांगितलं नाही. तिने शाळेच्या मावशींना विचारलं, मी ताईच्या हाताला चावले म्हणून ताई गेली का?

आत्या : अगं बाई.

ताई : आदल्याच दिवशी चावली होती. दुसऱ्या दिवसापासून मी नाही. पोरीने आपला हिशेब लावला. मी मुख्याध्यापिकांना म्हटलं, मला एक दिवस येऊ द्या, तेवढं तिला सांगून जाते. तर म्हणाल्या, पालकांची सभा झालीये, मुलांच्या मनावर परिणाम होईल, लोक विसरेपर्यंत दम धर. लोक विसरतील गं. तोवर माझी पोरं पहिलीत जातील आणि मला विसरतील.

आत्या : मग इथे पडद्यामागे बसून त्यांना काय सांगणार आहेस तू? नाव घ्यायचं नाही, तोंड दाखवायचं नाही, आवाज पण दुसऱ्याचा.

ताई : ते बघू. हे बोट जरा चोळून दे. अजून ताठ होत नाही.

आत्या : त्या दिवसापासून असंच वाकडं राहिलंय. डॉक्टर काय म्हणाले?

ताई : म्हणाले, काम चालवून घ्या.

(लाल दिवा लागतो. ताई आत पडद्यामागे जाऊन बसते. आत्या आणि निर्माती बाहेरच्या काचेच्या खोलीत, छोट्या टीव्हीसमोर.)

आत्या : हे तिघे कोण?

निर्माती : डावीकडे वकीलसाहेब, मध्ये समुपदेशक बाई, उजवीकडे समाजचिंतक.

आत्या : समाजचिंतक म्हणजे काय करतात?

निर्माती : चिंता. हळू बोला, माझा माइक चालू आहे.

आत्या : पोटापाण्यासाठी काय करतात, असं विचारतेय मी.

ताई : नमस्कार. हो, फोटोतली मीच.

आत्या : अरे देवा. हा तर आमच्या दादाचा आवाज. हिच्या बापाचा. हुबेहूब.

निर्माती : मशीनने केलाय. ओळखू येऊ नये म्हणून.

आत्या : घरात तो तोंडातून शब्द काढत नाही. लेक समोर बसली की पेपरात डोकं घालतो, मग तो पेपर कालचा का असेना. निदान इथे तरी बोलला म्हणायचा.

निर्माती : रागावलेत का तिच्यावर?

आत्या : तिच्यावर कशाला रागावेल? तिच्याकडे बघायचं कसं, तेच त्याला कळत नाही. मी म्हटलं, पूर्वी बघायचास तसं बघ. तर म्हणतो, तेच आठवत नाही. ऐका, तुमचे चिंतक सुरू झाले.

निर्माती : छान बोलतात ते. 'अशी स्त्री म्हणजे जिवंतपणी विझलेली ज्योत...' हे वाक्य आपण नंतर वेगळं कापून लावू. अरे, हे काय?

आत्या : कुठे?

निर्माती : पडद्यावर. तिच्या डोक्याशेजारी काहीतरी वर येतंय. ते... ते कान आहेत का?

आत्या : ससा आहे.

निर्माती : ससा?

आत्या : बोटांच्या सावलीचा. चिंतकांचं भाषण ऐकतोय. बघा, किती मन लावून मान डोलवतोय.

निर्माती : कॅमेरा दोन, निवेदकावर जा. कॅमेरा दोन, ऐकतोयस ना? अरे हसतोयस काय, जा ना तिकडे.

आत्या : राहू दे हो. चिंतकांना दिसतच नाहीये, पडदा त्यांच्या पाठीमागे. विझलेली ज्योत म्हणाले तेव्हा सशाने कान पाडले, पाहिलंत का? आता जांभई देतोय. अगदी आमच्या दादासारखी.

निर्माती : माझी नोकरी जाणार आज.

आत्या : वकीलसाहेबांनी वळून बघितलं. झालं, ते चिडले. गांभीर्य नाही म्हणे. त्या समुपदेशक बाई म्हणतात, हा मनाचा बचाव आहे. चिंतक विचारतायत, कसला ससा? तिघेही एकदम बोलायला लागले. निवेदकाला कुणी विचारत नाहीये. हे नेहमी असंच चालतं का?

निर्माती : रोज.

ताई : हाताची घडी, तोंडावर बोट.

आत्या : बसली की हो शांतता.

निर्माती : वकीलसाहेबांनी खरंच घडी घातली.

आत्या : चिंतकांनी तोंडावर बोट ठेवलं. आणि निर्मातीताई, तुम्ही पण.

निर्माती : सवय आहे हो. लहानपणापासूनची.

ताई : शाबास. आता ऐका. मला हसू येतं का? येतं. रडूही येतं, पण ते बहुतेक वेळा न्हाणीघरात, आणि तिथे फोटो काढायला कुणी येत नाही. माझं काय झालं ते मी कोर्टात सांगितलंय, आणखी सांगीन. इथे मी वेगळ्याच कामाला आलेय. ज्यांना दुपारी गादीवर पडल्यावर समोरच्या भिंतीवर हा ससा दिसायचा, त्यांच्यासाठी निरोप आहे. ससा आजारी नाही. ससा कुणावर रुसून गेलेला नाही. आणि कुणी चावलं म्हणून तर मुळीच गेलेला नाही. घास नीट चावून खा.

निर्माती : जाहिरात लावा. लगेच लावा.

आत्या : निर्मातीताई, हा घ्या रुमाल.

निर्माती : मला नकोय.

आत्या : काजळ हनुवटीपर्यंत आलंय, म्हणून म्हटलं. थांबा, हिचा फोन वाजतोय, माझ्याचकडे ठेवलाय. हॅलो. नाही, मी तिची आत्या. आपण कोण? कुणाची आई? अच्छा, चावरीची. अहो, मोठ्याने बोला की, कुजबुजताय कशाला? बरं, सासूबाई बाहेर आहेत. हो. हो. टीव्हीला चिकटून बसलीये? सोडतच नाही? आणि तुम्ही सभेत हात वर केला होतात. ठीक आहे, सगळ्यांनीच केला होता, मी कुठे एकट्या तुम्हाला म्हणतेय. नाही, तुम्ही फोन केलात हे नाही सांगणार कुणाला. हवं तर तुम्हालाही पडद्यामागे बसवू. आवाज जाडा करायची सोय आहे इथे. अहो, रडू नका, गंमत केली. ही आलीच बघा ती.

ताई : कोण आहे?

आत्या : तुझी चावरी. आई म्हणते, हिला तुझ्याशीच बोलायचंय. थांब, स्पीकर लावते. आम्हालाही ऐकू दे.

ताई : हॅलो. जेवलीस का गं?

चावरी : ताई, मी ओळखलं. आजी म्हणाली हा कुणा काकांचा आवाज आहे. मी म्हटलं ताई आहे.

ताई : कशावरून?

चावरी : ससा तुझा होता. त्याचा कान का वाकडा झालाय?

ताई : एका माणसाने मुरगळला.

चावरी : मग तू त्याला चावली नाहीस?

ताई : चावले होते.

चावरी : जोरात?

ताई : चांगली जोरात. तुझ्याकडूनच शिकले.

चावरी : मग त्या माणसाला बाजूला बसवलं?

ताई : अजून नाही. मोठी माणसं ठरवतायत.

चावरी : आपल्या वर्गात तर लगेच बसवतात. मी बंटीला चावले तेव्हा मी बाजूला बसले. बंटी खेळायला गेला.

ताई : हो, आपला नियमच आहे तसा.

चावरी : मग तू का बाजूला बसलीस?

आत्या : दे आता उत्तर. तिघा शहाण्यांना गप्प केलंस ना मघाशी?

ताई : चुकून बसले, बाळा. सगळे म्हणाले बस, म्हणून बसले. सोमवारी येते मी.

निर्माती : मुख्याध्यापिका आत घेतील तुम्हाला?

ताई : नाही घेतलं तर फाटकासमोर भिंत आहे. सकाळचं ऊन तिच्यावर मस्त पडतं. पोरं येतील तेव्हा ससा तिथे असेल. मग बघू, कोण कोणाला हुसकावतं.

आत्या : मी डबा घेऊन शेजारी बसेन. दादालाही ओढून आणते. पेपर घेऊन ये म्हणावं, पण आजचा आण.

चावरी : ताई, सशाला नक्की आणशील ना?

ताई : आणीन. पण त्याचा कान आता सरळ होणार नाही हं.

चावरी : चालेल. तरी ओळखू येतो.